बाराव्या पानावरची शंका

आमच्या साहेबांचा फतवा सांगितला का तुम्हाला? क्षेपणास्त्राला दिशा देणारं सॉफ्टवेअर आम्ही सहा जण सहा वेगवेगळ्या भाषांत लिहायचो. एक दिवस साहेबांनी जाहीर केलं, "यापुढे सगळ्यांची एकच प्रमाणित प्रोग्रॅमिंग भाषा. सहा महिन्यांत जुना सगळा कोड तिच्यात आणा. अवघड काही नाही, मी ती कोळून प्यायलोय."

त्या भाषेचं पुस्तक शोधत मी बुधवार पेठेत जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेले. दुकानदारांनी एक जाडजूड ठोकळा पुढे ठेवला.

"अहो, फार वापरलेलं नाही ना?"

त्यांनी माझ्या गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं. "तुमच्याच ऑफिसातून आलंय. वापरलेलं म्हणवत नाही."

पहिल्याच पानावर साहेबांची सही होती. पेन्सिलीच्या खुणा अकराव्या पानापर्यंत, पुढची सातशे पानं करकरीत नवी.

सोमवारी भर मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "काय, मिळालं का पुस्तक?"

"मिळालं सर, तुमचंच मिळालं. बाराव्या पानावर एक शंका आहे, आत्ताच विचारू?"

सहा महिन्यांची मुदत तिथल्या तिथे दोन वर्षांची झाली.