व्याहीभेटीचा गाल

मंडळी, ऐका! आज निरूपणाला प्रश्न घेतलाय तो ब्रह्माचा नाही, मायेचा नाही — दाढीचा आहे! हसताय? हसा. पण उत्तर देताना घाम फुटेल, आत्ताच सांगून ठेवतो.

प्रश्न असा, की दाढीचा एक साबण असतो. आपला नेहमीचा नव्हे हो! लाकडी वाटीत बसवलेला, वर लाकडाचंच झाकण, उघडलं की चंदनाचा घमघमाट. किंमत? किंमत सांगत नाही. सांगितली तर मागच्या रांगेतल्या आजोबांना उठवून बसवावं लागेल! तर हा एवढा महागाचा साबण माणसानं घ्यावा का? पैसे वसूल होतात का?

तबलजींना दाढी आहे, त्यांनी मनावर घेऊ नये. बाकीच्यांनी घ्यावं. धरा सूर, पेटीवाले —

*गाल घासुनी केला आरसा, त्यात पाहणार कोण?*

दुसरी ओळ आहे. ती शेवटी! आधी दिली तर अर्धी मंडळी चपला शोधायला लागतील.

तर सांगलीकडच्या एका गावात अच्युतराव पेंडसे नावाचे गृहस्थ. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. माणूस सज्जन, पण हात आखडता! घरात पत्नी कुमुदताई, मुलगी मृण्मयी, आणि वडील — नाना. नव्वदीला टेकलेले. डोळ्यांत मोतीबिंदू, हाताला कंप, पण रोजची देवपूजा त्यांचीच. सहाणेवर गंध उगाळायचं, चाचपून चाचपून एकेका देवाला लावायचं. कधी बाळकृष्णाच्या कपाळाऐवजी पोटाला लागायचं. बाळकृष्णानं कधी तक्रार केली नाही!

मृण्मयीचं लग्न ठरलं. मुलगा सलील, कोल्हापूरचा. मुलाचे वडील त्र्यंबकराव लिमये बोलणी करायला आले — आणि अहाहा! काय तो गाल! सोललेला उकडलेला बटाटा बघावा तसा! एक खुंट दिसेल तर शपथ. आणि जवळून गेले की चंदनाचा वास. अच्युतरावांनी हळूच आपल्या गालावरून हात फिरवला. खर्र्! खर्र्! नारळ खवायची सोय घरातच!

आणि मग त्यांच्या मनात आली व्याहीभेट.

तुम्हाला माहीत आहे व्याहीभेट. वरपक्ष दारात येतो, गंध लावायचं, अत्तर द्यायचं, गुलाबपाणी शिंपडायचं, आणि मग मुलीचा बाप नि मुलाचा बाप एकमेकांना कडकडून भेटतात. खांद्याला खांदा, आणि गालाला? — बोला की! — गाल! सगळ्या मांडवासमोर! फोटोवाला वर म्हणतो, "अजून जरा जवळ, काका."

झालं! अच्युतरावांची झोप उडाली. मुलीच्या बापाला काय काय काळज्या असतात — पोरगी सुखी होईल का, सासू कशी निघेल... यांना काळजी एकच. "माझा गाल त्यांना टोचला तर?"

पुण्याला गेले. दुकानात काचेच्या कपाटात तीच वाटी, तोच वास! किंमत ऐकली, खुर्ची मागितली. दुकानदार म्हणतो, "काका, हा साबण नाही. हा अनुभव आहे."

अनुभव! मंडळी, त्या अनुभवासाठी लोक हिमालयात जाऊन बसले, आणि इथे तो पिशवीत घालून देतात!

घेतला! ज्या माणसानं लग्नाच्या खर्चावर नुसती कात्री चालवली, त्यानं घेतला. मृण्मयी म्हणाली होती, "बाबा, सनई-चौघडा प्रत्यक्ष ठेवू या ना." — "मोबाइलवर लाव." कुमुदताई म्हणाल्या, "शालू जरा बऱ्यापैकी..." — "एका दिवसासाठी?" आणि नाना बिचारे म्हणाले, "अच्युता, लग्नघर आहे. देवाला एकदा अस्सल चंदन आण रे. ते जुनं खोड आता नुसतं लाकूड झालंय." त्यावर काय म्हणाले? "नाना, आहे तेच चालेल. देव काय वास घेऊन नावं ठेवणार आहे का?"

असं म्हणणारा माणूस स्वतःच्या गालासाठी चंदन घेऊन घरी आला! आता हे चंदन ठेवायचं कुठे? कपाटात? कुमुदताई उघडतात. गादीखाली? कुमुदताई झटकतात. न्हाणीघरात? वास! मग सुचली जागा. देवघर! मागच्या कोनाड्यात, समईच्या आड. तिथे असाही उदबत्तीचा वास. कोणाला शंका येणार? आणि वापरायचा कधी? एकदम व्याहीभेटीच्या सकाळी. तोवर शिवायचासुद्धा नाही!

काय माणसाची हुशारी! बायकोपासून लपवलं, मुलीपासून लपवलं, आणि ठेवलं कोणापाशी? ज्याच्यापासून काही लपत नाही त्याच्याच पाठीमागे!

मधे एक झालं. लग्नाला चार महिने असताना सलीलला डेंग्यू झाला. पोरगा अगदी जाता जाता राहिला. फोनवर रोज चौकशी व्हायची. हळूहळू बरा झाला, लग्नाची तारीख तीच राहिली. त्र्यंबकरावांची गाठ मात्र या काळात पडली नाही.

उजाडला लग्नाचा दिवस! पूर्वी सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी असायचं. आता हॉलवाल्याच्या घाईनं सगळं एका सकाळी उरकतात. अच्युतराव पहाटे उठले, पंचा गुंडाळला, चोरपावलांनी देवघराशी आले — आणि थबकले. आत नाना बसलेले. सहाणेवर घर्र्... घर्र्... आणि घरभर घमघमाट!

"अच्युता, तूच ना रे? ये. बस इथे."

अच्युतराव बसले, आणि समोर बघतात तो काय! लाकडी वाटी उघडी. साबणाचा अर्ध्याहून जास्त भाग सहाणेवरून चांदीच्या वाटीत उतरलेला. वर केशराच्या काड्या! बाळकृष्णाला लावून झालं होतं, अन्नपूर्णेला लावून झालं होतं, गणपती तर कपाळभर माखलेला.

"समई पुसायला गेलो तर हाताला लागलं," नाना म्हणाले. "खोड नाही आणलंस, वडी आणलीस. मिळते म्हणे हल्ली तशी. कसं लोण्यासारखं उगाळलं जातंय! मला तोंडावर नको म्हणालास, आणि गुपचूप आणून देवामागे ठेवलंस होय रे?" म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "मी मनातल्या मनात तुला चिक्कू म्हणत होतो. आज देवापुढे कान धरले बघ."

आता सांगा! काय बोलायचं? "नाना, तो माझा दाढीचा साबण आहे"? जीभ उचलेल? तुमची उचलली असती? अच्युतरावांनी पंचा सावरला. मनात म्हणाले, जाऊ दे, वाळलं की गंध काय नि साबण काय. कोणाला कळतंय?

आणि न्हाणीघरात जाऊन त्यांनी दाढी कशानं केली माहीत आहे? नेहमीचा साबण संपलेला, तिथे होती कपडे धुवायची वडी! ब्लेड जुनं, डोक्यात गोंधळ. बाहेर आले तेव्हा गालावर सात-आठ ठिकाणी वर्तमानपत्राचे कपटे चिकटवलेले. कुमुदताई बघतच राहिल्या. "अहो, हे काय? आज मुलीचं लग्न आहे की तुमची शस्त्रक्रिया?"

हॉल भरला. सनई — मोबाइलवर. वऱ्हाड दारात आलं. अच्युतराव पुढे झाले, त्र्यंबकराव गाडीतून उतरले — आणि मंडळी!

गळा झाकणारी दाढी!!

पांढरी, काळी, करडी, सगळ्या रंगांची! उकडलेला बटाटा गेला कुठे? अच्युतरावांनी ओळखलंच नाही. त्र्यंबकराव हसले. "दचकलात? सलील दवाखान्यात होता तेव्हा देवीला बोललो होतो. पोरगा उठून बोहल्यावर उभा राहील तोवर गालाला वस्तरा लावणार नाही. आज फिटतोय नवस."

बघा बरं! पोराच्या जिवासाठी एकानं एवढा देखणा गाल रानात सोडून दिला, आणि ज्या गालासाठी यांनी पुणं गाठलं तो गाल जागेवरच नाही! गालाला गाल लागणार कसा? मधे चार बोटं गवत!

"आधी गंध!" नाना पुढे आले, हातात चांदीची वाटी. "बसा व्याहीबुवा. माझ्या अच्युतानं देवासाठी खास आणलंय. अस्सल आहे." आणि त्र्यंबकरावांच्या कपाळाला भलंमोठं आडवं गंध! त्यांच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांना गंध. गुरुजींना गंध. मग कुमुदताईंनी गुलाबदाणी उचलली, आणि शिंपडलं गुलाबपाणी. भरपूर! मे महिन्याचा घाम त्यात मिसळला. त्र्यंबकरावांनी उपरण्यानं कपाळ पुसलं —

फेस!

दुसऱ्यांदा पुसलं. जास्त फेस! भुवयांवरून डोळ्यांत, डोळ्यांतून दाढीत! पलीकडे मेव्हण्यांना फेस. गुरुजी मंत्र म्हणतायत, आणि नमः म्हटलं की ओठांवरून बुडबुडा! पोरंसोरं टाळ्या पिटतायत. फोटोवाला म्हणतो, "असंच थांबा काका!"

त्र्यंबकरावांनी बोट नाकाशी नेलं. हुंगलं. "अहो... हा तर माझा दाढीचा साबण!"

पोरांच्या टाळ्या थांबल्या. मोबाइलवरची सनई तेवढी वाजतेय. त्र्यंबकरावांची थोरली बहीण, बोलायला फटकळ, कडाडली. "शुभकार्यात कपाळाला दाढीचा साबण? म्हाताऱ्याला दिसत नाही तर पुढे करता कशाला? हीच का तुमच्याकडची मानाची रीत? चल रे त्र्यंबक, इथे उभंसुद्धा राहायचं नाही!"

पलीकडच्या खोलीच्या दारात मृण्मयी उभी. मुंडावळ्या बांधलेल्या. तोंड पांढरंफटक.

आणि नाना! नानांनी वाटी छातीशी धरली. "साबण? अच्युता, मी... मी देवाला साबण लावला? माझ्या हातून झालं का रे हे?"

मंडळी, इथे श्वास धरा. अच्युतरावांना सुटायला रस्ता होता. सोपा! "नानांना दिसत नाही हो, चूक झाली त्यांच्याकडून" — संपलं! म्हाताऱ्यावर ढकललं की लग्न वाचतं, अब्रू वाचते. वाक्य तोंडात तयार होतं. अर्धं बाहेरही पडलं. "नानांना..." आणि त्यांनी वडिलांकडे पाहिलं.

तेव्हा दिसलं. नानांच्या गालावर पांढरे खुंट! पंधरा दिवसांचे असतील. त्यांचा हात कापतो, म्हणून दर रविवारी त्यांची दाढी अच्युतरावच करायचे. लग्नाच्या गडबडीत राहिली. नातीच्या लग्नात म्हातारा तसाच उभा होता, एका शब्दानं बोलला नव्हता. आणि मुलगा पुण्याहून साबण आणून कोणाच्या गालाची काळजी करत होता? व्याह्याच्या!

अच्युतरावांनी वाक्य गिळलं. वाटी त्यांनी आपल्या हातात घेतली.

"नानांना बोलू नका. साबण माझा आहे. व्याहीभेटीला गाल गुळगुळीत दिसावा म्हणून आणला, आणि घरच्यांपासून चोरून देवामागे ठेवला. नानांनी चंदन मागितलं होतं, ते मी आणलं नाही. त्यांना वाटलं हे तेच. सकाळी मला कळलं होतं, तरी मी तोंड उघडलं नाही. वऱ्हाडाची माफी मागतो. हवं तर मला काढा मांडवातून, पण माझ्या पोरीला काही बोलू नका."

नानांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. मग हळूच म्हणाले, "म्हणजे देवाला चंदन आणलंच नव्हतंस?"

"नाही, नाना."

"बरं," नाना म्हणाले. "मग आता तरी आण."

आणि त्र्यंबकराव? फेसानं माखलेली ती दाढी हलायला लागली. हसतायत! पोट धरून हसतायत! "अक्का, जरा थांब गं. मी जन्मभर हा साबण लावला, सगळा वास माझाच मला; आज साऱ्या मांडवाला मिळाला. माझं पोरगं मरता मरता वाचलंय. आज कपाळाला साबण काय, शेण लागलं असतं तरी मी याच मांडवात उभा राहिलो असतो!" आणि त्यांनी अच्युतरावांना कडकडून मिठी मारली. कपट्यांचा गाल, फेसाची दाढी! गुरुजी ओरडले, "अहो, मुहूर्त टळतोय!" आणि शेवटला बुडबुडा फुटला.

लग्न लागलं. सलील बोहल्यावर उभा राहिला, नवस फिटला. दुपारी त्र्यंबकरावांसाठी न्हावी आला. आणि अच्युतराव काय करतायत? जेवणाच्या गडबडीतून निसटले. घरून लाकडी वाटी आणली, नानांना हॉलच्या मागच्या ओट्यावर खुर्चीत बसवलं, गळ्यात टॉवेल बांधला आणि उरलेल्या साबणाचा फेस केला.

"कोण रे?"

"मी आहे, नाना. मान वर करा."

सावकाश दाढी केली. एक ओरखडा नाही. गाल पुसला, आणि मग या भूगोलाच्या मास्तरांनी खाली वाकून आपला गाल वडिलांच्या गालाला लावला. लहानपणानंतर पहिल्यांदा! नानांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "अच्युता... तुझी दाढी कोणी केली रे अशी? टोचतेय!"

आता द्या उत्तर! साबण महाग होता का? साबणाला मी नावं ठेवत नाही हो. फेस उत्तम, साऱ्या वऱ्हाडानं पाहिलाय! पण जेवढा अच्युतरावांच्या तोऱ्यासाठी घेतला, तेवढा फुकट दिला असता तरी महागच. आणि खाली जो चतकोर तुकडा उरला, तो नानांच्या गालाला लागला. तो मात्र फार स्वस्तात पडला.

तुम्ही हसलात, पोटभर हसलात. आता जरा तुमच्याकडे बघतो. आज कीर्तनाला येताना आरशात पाहिलंत ना? केस बसवलेत, पावडर लावलीत, गालावर हात फिरवलात. आणि निघताना घरी जे माणूस खाटेवर ठेवून आलात, त्याच्या तोंडाकडे शेवटचं कधी पाहिलंत? नखं वाढलीत का त्याची? चष्म्याची काच पुसलीय का? महागाची वस्तू जरूर घ्या. पण घरी गेल्यावर ती देवामागे लपवावीशी वाटली, तर समजा की कोणाचं तरी राहिलंय.

आरतीचं तबक येईल आता. हात फिरवून घ्याल, डोळ्यांना लावाल. त्या हाताची ऊब घरी पोचेपर्यंत राहू द्या, आणि गेल्या गेल्या त्या माणसाच्या गालावर ठेवा. टोचला तर उद्या सकाळी पाणी तापवा. म्हणा माझ्याबरोबर, ठेवली होती ती दुसरी ओळ —

*गाल घासुनी केला आरसा, त्यात पाहणार कोण?*
*घरी बैसला म्हातारा रे, त्यास पाहणार कोण?*