आठ कुणी काढला?

नौपाड्यातल्या दवाखान्यात मी पुस्तक उघडून बसलो होतो. शेजारी सून, सासू आणि नात वहीत इंग्रजी आकडे काढत होत्या. ऐकलं तसं लिहितो. मला समजलंच असेल असं नाही.

"आई, हिचा हात सोडा ना आता. उद्या टीचर हिला एकटीला बसवून आकडे काढायला लावणार. नाही आले तर परत केजीतच."

"हा बघ सोडला. काढ गं दूर्वा, आठ."

"मला नाही येत. आजीचा हात नेतो. मी फक्त पेन्सिल धरते."

"अगं बाय, मी कुठं नेते? मी कधी शाळेत गेले? मी आपली तुझ्या हातामागं जाते."

"मग महिनाभर वहीत आठ काढतंय कोण?"

"मला काय ठाव? चांगले आलेत ना?"

"आई!"

"आजी, तुला खरंच नाही येत?"

"नाय गं."

"मग पेन्सिल तू धर, मी तुझा हात धरते. इकडून वळ. आता खाली. थांबू नको, तसंच वर ये. हां, जोड."

"आला?"

"आला!"

"म्हणजे तुला येतं, दूर्वा!"

"मी कुठं, मम्मी? आजीनं काढला."