मोसमानंतरचा शनिवार

लॉर्ना : सरक जरा, एव्हरेट. सतरा नंबर हॅलचा आहे.

एव्हरेट : लॉर्ना? अगं, अख्खं स्टेडियम रिकामं पडलंय. दारावरचा माणूस म्हणाला, कुठेही बसा.

लॉर्ना : मलाही म्हणाला. पण तू पाठवलेल्या तिकिटावर हॅलचं नाव आहे आणि सतरा लिहिलंय. नवऱ्याच्या जागेवर बसायला तीन तास गाडी हाकत आलेय मी, कुठेही बसायला नाही.

एव्हरेट : बस, बस. हे अर्धं ब्लँकेट घे. खालचा दगड बर्फासारखा आहे.

लॉर्ना : विद्यार्थी कुठायत? एक पोर दिसत नाही.

एव्हरेट : घरी गेलेत. थँक्सगिव्हिंगची सुट्टी. वसतिगृहांना बुधवारीच कुलपं लागली. बँडसुद्धा गेला. मघाशी विद्यापीठाचं गीत लाउडस्पीकरवर लावलं, तेही मध्येच अडकलं.

लॉर्ना : बँडला कुणी सांगितलं नाही, सामना आहे म्हणून?

एव्हरेट : सांगितलं असेल. पण असं बघ, शंभरावर वर्षं आपला मोसम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी संपतो. शेजारच्यांशी शेवटचा सामना, मग परीक्षा, मग नाताळ. पोरांनी ऑगस्टमध्येच विमानाची तिकिटं काढून ठेवलेली. आपल्या आठ विद्यापीठांच्या गटाने जुना बंदीचा नियम बदलला, यंदापासून आपल्यालाही देशाच्या बाद फेरीत खेळता येणार, हे सगळ्यांनी वाचलं होतं, पण आपण खरंच तिथे पोहोचू हे कुणाच्या हिशेबातच नव्हतं. भोजनगृहालाही कुलूप. खेळाडूंनी गुरुवारची टर्की प्रशिक्षकाच्या गॅरेजमध्ये खाल्ली म्हणे.

लॉर्ना : आणि म्हणायचं हुशारांचं विद्यापीठ.

एव्हरेट : समोर बघ पण. पश्चिमेकडच्या सरकारी कॉलेजची माणसं, दोन दिवस प्रवास करून आलीत. त्यांना या दिवसांत खेळायची सवय आहे.

लॉर्ना : आणि आपल्या बाजूला खेळाडूंचे आईबाप, तू आणि मी. त्र्याऐंशी सालचा तुझा फुटबॉलचा संघ कुठाय, कप्तान? पत्र तर सगळ्यांना धाडलं होतंस.

एव्हरेट : एकूण एक जिवंत माणसाला. उत्तरं फार गोड आली. कुणाचा गुडघा, कुणाची नातवंडं, कुणी फ्लोरिडात. एकाने लिहिलं, वरातीमागून घोडं आलंय, तूच बस त्याच्यावर.

लॉर्ना : बरोबर लिहिलं. दात होते तेव्हा चणे नव्हते.

एव्हरेट : हॅल कसा आहे?

लॉर्ना : त्याला त्या वृद्धाश्रमात ठेवून चार वर्षं झाली. आज विचारतोयस.

एव्हरेट : फोन उचलायचो गं. उचलून ठेवून द्यायचो.

लॉर्ना : तब्येत ठणठणीत आहे. जेवतो, झोपतो. मला मॅडम म्हणतो, मी तिथली नर्स आहे असं वाटतं त्याला. मुलाचं नाव गेलं, घर गेलं, पंचवीस वर्षं चालवलेलं हार्डवेअरचं दुकान गेलं. एक आठवडा तेवढा डोक्यात राहिलाय.

एव्हरेट : कुठला?

लॉर्ना : तुमच्या शेवटच्या सामन्यानंतरचा. दहाच्या दहा जिंकून तुम्ही हात चोळत बसला होतात ना, तो. सकाळी उठला की बूट शोधतो. विचारतो, शनिवारी कुणाशी आहे? सुरुवातीला मी खरं सांगायचे, संपला रे मोसम. मग रडायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी मी खोटं बोलायला शिकले. तोंडाला येईल त्या कॉलेजचं नाव सांगते आणि तो खूश होतो.

एव्हरेट : देवा.

लॉर्ना : या सोमवारी पहिल्यांदा खरं सांगता आलं. म्हटलं, आहे शनिवारी सामना, घरच्याच मैदानावर. तर माझ्याकडे बघून म्हणाला, मग कप्तान आम्हाला बोलला कसा नाही?

एव्हरेट : असं म्हणाला? नेमकं हेच?

लॉर्ना : हेच. तू का असा पांढराफटक पडलास?

एव्हरेट : आपल्याकडे रीत होती ती. डीनच्या दारावर फक्त कप्तानाने टकटक करायची, प्रशिक्षकानेही नाही. आत जे ठरेल ते कप्तानाने पोरांना येऊन सांगायचं. कप्तानाचा शब्द तो संघाचा शब्द.

लॉर्ना : रीत मला ठाऊक आहे. तुझं काय ते बोल.

एव्हरेट : त्या सोमवारी डीनने मला बोलावलं होतं. बाद फेरीचं आमंत्रण आलंय म्हणाले. नियम आडवा येतो, पण पोरांची एकमुखाने इच्छा असेल तर मी गटातल्या आठही विद्यापीठांच्या अध्यक्षांपुढे शब्द टाकतो. जा, विचारून ये. मी दारापर्यंत गेलो, लॉर्ना. कडीवर हात ठेवला. आणि मागे वळून म्हणालो, विचारायची गरज नाही सर. पोरं थकलीत, परीक्षा तोंडावर आल्यात. कुणालाच नकोय.

लॉर्ना : विचारलं होतंस कुणाला?

एव्हरेट : नाही.

लॉर्ना : हॅलला?

एव्हरेट : तो खालीच उभा होता, पायऱ्यांवर. म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, नाही म्हणतायत वरचे.

लॉर्ना : का रे?

एव्हरेट : बाद फेरीच्या त्याच शनिवारी बोस्टनला माझी मुलाखत होती. इंग्लंडची शिष्यवृत्ती. दोन्ही एका दिवशी जमणार नव्हतं.

लॉर्ना : मिळाली का मग?

एव्हरेट : नाही मिळाली.

लॉर्ना : आणि नंतरची ती पत्रं? आम्हालाही खेळू द्या म्हणून दरवर्षी विद्यापीठाला धाडायचास ती? पहिली सही हॅलची असायची.

एव्हरेट : वाटायचं, एकदा नियम बदलला की माझं ओझं उतरेल.

लॉर्ना : वीस वर्षं तो त्या अध्यक्षांच्या नावाने बोटं मोडत होता. खिळे घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला थांबवून सांगायचा, आम्हाला कसं खेळू दिलं नाही ते. आणि तू माझ्या टेबलावर माझ्या हातचं जेवत त्याच्या हो ला हो मिळवायचास.

एव्हरेट : त्यांनी नाहीच म्हटलं असतं, लॉर्ना. तेव्हाचे लोक कसे होते तुला माहीत आहे.

लॉर्ना : नक्की म्हटलं असतं. पण मग ते ‘नाही’ त्यांचं असतं.

(घरच्या संघाचा टचडाउन, सहा गुण. विरळ टाळ्या. लाउडस्पीकरवर गीत सुरू होतं आणि थांबतं.)

लॉर्ना : टाळ्या वाजव. पोरं इकडेच बघतायत.

एव्हरेट : आज सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं ठरवलं होतं मी. त्यासाठीच तर बोलावलं. कागदावर लिहूनही आणलंय, वकिली सवय. आणि कुणी आलंच नाही. माझी मार्गारेट गेल्यापासून घरीही ऐकायला कुणी नाही. परवा थँक्सगिव्हिंगला डब्यातलं सूप गरम करून उभ्यानेच प्यायलो. दया यावी म्हणून सांगत नाही हे.

लॉर्ना : दया यावी म्हणूनच सांगतोयस. असू दे. मी परवा हॅलबरोबर बसले होते, त्यांच्या त्या जेवणघरात. कागदी टोपी घालून. जेवण झाल्यावर तो म्हणाला, मॅडम, सणाचा दिवस आहे, तुमच्या घरी तुमची कुणी वाट बघत नाही का?

एव्हरेट : काय म्हणालीस?

लॉर्ना : म्हटलं, निघतेच आता. आणि गाडीत जाऊन बसले तासभर.

एव्हरेट : मला माफ करशील?

लॉर्ना : मी कोण? मी खेळत होते का? माझ्याकडे ते मागू नकोस, एव्हरेट. ते माझ्याकडे नाहीच.

एव्हरेट : पण त्याला सांगून कळणार आहे का?

लॉर्ना : कळेल. पाचेक मिनिटं नीट कळेल. चिडेल, हाताला लागेल ते फेकेल. क्वार्टरबॅक होता, चेंडू फेकणारा; नेम अजून पक्का आहे. मग विसरेल, आणि पुन्हा विचारेल, शनिवारी कुणाशी आहे?

एव्हरेट : आणि मग?

लॉर्ना : मग पुन्हा सांगायचं. पहिल्यापासून.

एव्हरेट : पुन्हा? लॉर्ना, एकदा सांगायला मला बेचाळीस वर्षं लागली.

लॉर्ना : मी रोज त्याच प्रश्नाचं उत्तर देते. सवय होते हळूहळू.

एव्हरेट : तू असशील ना खोलीत?

लॉर्ना : नाही. मी सोमवार ते शनिवार जाते. आजचा शनिवार मोडला तो इथे यायला. भेटायची वेळ दोन ते चार, खोली जिन्याजवळची. रविवारी त्याच्याकडे कुणी येत नाही.