सुमनच्या तंबूची जप्ती

आधी तारखा लिहून घ्या, कहाणी मागून. अकरा डिसेंबर सदुसष्ट, पहाटे, कोयनेचा भूकंप. याला जबाबदार कोणी नाही, हे मी आरंभीच मान्य करतो. पुढची संक्रांत आटोपल्यावर माझी मुलगी सुमन तंबू घेऊन माहेरी आली. याला जबाबदार मी, कारण बोलावले मीच. त्याच साली मृगाच्या तोंडावर तंबूची जप्ती. जबाबदार तहसिलीतले नाझर, म्हणजे सरकारी सामान सांभाळणारे गृहस्थ, आणि ज्यांच्या तोंडी हुकुमाने ते आले ते नायब तहसीलदार. त्यानंतरच्या थंडीत तोच तंबू मेळघाटात. याला जबाबदार कोण, एवढ्यासाठीच तुम्हा पेपरवाल्यांना बसवून घेतले आहे. तालुक्याचे नाव मात्र लिहू नका. अब्रुनुकसानीचा कायदा मला ठाऊक आहे, आणि त्यांना तेवढाच ठाऊक आहे.

मी शकुंतला गाडीच्या रुळाकाठच्या गावचा. माझा बाप साहेबांचे तंबू वाहायचा. इंग्रजी अमलात साहेब दौऱ्यावर निघाला की तंबू आमच्या लोकांच्या डोक्यावर, खुंटे ठोकणे आमच्याकडे, राखण आमच्याकडे, आणि मजुरी नाही, कारण ती वहिवाट. मी विचारायचो, बा, आत कसं असते? तो म्हणायचा, काहून इचारतं, आपल्याले आत जा लागते का? पुढे मी शिकलो, अकोल्याच्या कोर्टाबाहेर अर्जनवीस होऊन उमेदीची सगळी वर्षे लोकांचे अर्ज लिहिले. छप्पन्न साली नागपूरला दीक्षा घेतली आणि घरी येऊन म्हाताऱ्या बापाला सांगितले, आता वहिवाट संपली. तो नुसता हसला. तो का हसला, ते मला आत्ता कळून राहिले आहे.

सुमनचा नवरा धरणावर क्रेनच्या कामाला. दगडी भिंतींची खोली होती. भूकंपात माझी नात भिंतीखाली गेली. त्याविषयी मी याहून अधिक बोलत नाही. जगभरातून मदत आली, कांबळी, दूधभुकटी, तंबू. सुमनला मिळालेल्या तंबूवर अक्षरे इंग्रजीसारखी होती, पण शब्द लागत नव्हता. कोणता देश, देव जाणे. वाटणारा माणूस म्हणाला, बाई, हा तुमचाच, कुठंही न्या. जावई कामावर राहिला, आणि ही तो तंबू घेऊन आली.

आमचे घर धाब्याचे, हातभर जाड मातीच्या भिंती. ती उंबऱ्याशी थांबली. बाबा, मले आत नोको नेऊ, मले भिंत सहन नाई होत. काय सांगू तुम्हाला, स्वतःच्या मुलीला स्वतःच्या घरात बोलावता येत नाही, तेव्हा बाप काय करतो? मी अंगणात निंबाखाली तंबू उभारला. खुंटे मीच ठोकले. ते काम आमच्या घराण्यातलेच. त्या रात्री ती झोपली, भूकंपानंतर प्रथमच. सकाळी शेजारची सखूबाई म्हणते, मुन्शीजी, पोरगी काय कलेक्टर होऊन आली का, तंबूत राह्यते? सुमन हसली, म्हणाली, मावशी, अर्ज घेऊन या, तुमचं बी काम करून देतो. चुलीच्या ठिणगीने कापडाला भोक पडले, तेव्हा तिने आपल्या हिरव्या लुगड्याचे ठिगळ लावले, वर पिवळ्या दोऱ्याची टीप घातली.

मग नाझर आले. मुन्शीजी, ही मदत भूकंपाच्या भागासाठी आली, अन् अकोला जिल्ह्यात काई भूकंप झाला नाई, सामान जमा करा लागते. मी म्हणालो, जंगम वस्तूचे दान ताबा दिल्याबरोबर पुरे होते. आणि मदत जमिनीला देतात की माणसाला? ते म्हणाले, मले कायदा नका शिकवू, वरून हुकूम आहे. दाखवा. तोंडी आहे. सुमन आत होती, ती एवढेच म्हणाली, भाऊ, माझं अंथरूण त काढू द्या. शिपायाने दोऱ्या कापल्या, कापड गुंडाळले. खुंटे निघेनात म्हणून तसेच राहिले.

थंडीत एका पक्षकाराची बांबूची गाडी जंगलनाक्यावर अडली, म्हणून मी मेळघाटात सेमाडोहकडे गेलो. वाटेत शिकारीचा कॅम्प. पुढे खुर्च्या, मागे तंबू, आणि तंबूला हिरवे ठिगळ, पिवळी टीप. बशा धुणाऱ्या माणसाला विचारले, हा कुठला हो? तो म्हणाला, खालच्या तालुक्यातून आला, तिथल्या तहसिलीतल्या सायबाचे पाव्हणे आहेत. लय मस्त आहे, विलायती. फक्त कोण्या येड्यानं त्याले लुगडं शिवून ठेवलं.

परत येऊन मी नाझरांना विचारले, मेळघाटात भूकंप केव्हा झाला? ते म्हणाले, तो तंबू तुमचा नोहे, हिरवं लुगडं काय एकट्या तुमच्याच पोरीजवळ असते? अर्जामागून अर्ज केले. उत्तर एकच, प्रकरण विचाराधीन आहे. विचार कोण करून राहिले आहे, ते कळत नाही.

सुमन अंगणात गोणपाटाखाली झोपते. पाऊस लागला की दाराच्या चौकटीला धरून उभी राहते, एक पाय आत, एक बाहेर. मी म्हणतो, बाई, आत ये. ती म्हणते, बाबा, तुमी झोपा ना.

म्हणून आता मला टपालाने उत्तर नको. नायब तहसीलदारांनी दिवसाढवळ्या, गावासमोर, आमच्या अंगणात उभे राहून सांगावे की भूकंपाचा भाग कोणता, शिकारीचा कॅम्प की ही मुलगी. खुंटे अजून जागेवर आहेत. येताना तंबू आणावा, ठोकायला माणूस आणू नये, मी आहे. आणि उत्तर मोठ्याने द्यावे, निंबाखाली तिला ऐकू जाईल इतके.