मधल्या नावा

(१८४६. शीख फौज इंग्रजांशी हरली, त्या सोबराँवच्या लढाईनंतरचा तिसरा दिवस. सतलजचा लाहोरकडचा काठ. एका शीख शिपायाची आई निहाल कौर आणि जमाल नावाडी.)

निहाल कौर : नाव सोड म्हणते ना! की फिरंग्यांची चिठ्ठी आणू?

जमाल : माई, पलीकडे त्यांचाच पहारा. प्रेतांशिवाय काय उरलंय तिथं?

निहाल कौर : माझा काहन आहे. जिवंत नाही, कळतंय मला. पण कोल्ह्यांना नाही द्यायची मी त्याला.

जमाल : शेवटपर्यंत पलीकडच्या खंदकातच होता?

निहाल कौर : होता तर! आपले शिपाई मागं वळले तेव्हा नावांचा पूल मधोमध मोकळा. समोर पूर, पाठीवर तोफा. मेले कसले, मारलं त्यांना! आपल्यातल्याच कुणीतरी मधल्या नावा सोडल्या. हात झडोत मेल्याचे!

जमाल : झडलेच आहेत, माई. तीन दिवस वल्हं धरवत नाही.

निहाल कौर : म्हणजे?

जमाल : दोर मी सोडले.

निहाल कौर : तू?

जमाल : आपल्या फौजेचा सरदार सगळ्यांच्या आधी पळून आला. घोड्यावरूनच म्हणाला, "आपले सगळे आले, आता फिरंगी येतील, सोड नावा." धुरात पलीकडचं दिसेना. मला वाटलं, मी लाहोर वाचवतोय!

निहाल कौर : ओरडणंही ऐकू येईना?

जमाल : आलं. नावा वाहून गेल्यावर. आपल्याच बोलीत ओरडत होते.

निहाल कौर : आणि तो सरदार?

जमाल : तहाची बोलणी करतोय म्हणे. त्याला मानाची वस्त्रं मिळतील. माझ्या दारावर गाव थुंकतं.

निहाल कौर : थुंकू दे! कुंपणानंच शेत खाल्लं, ते खाल्लंच. पण हुकूम आला म्हणून डोळे काढून ठेवायचे? त्यानं पंजाब विकला, आणि गाठी सोडायला त्याला आपलेच हात मिळाले रे!

जमाल : कृपाण आहे ना तुझ्यापाशी? चालव माझ्यावर. सुटेन तरी.

निहाल कौर : सुटायचंय तुला? मग मला पलीकडे कोण नेणार? ऊठ.

जमाल : माझ्या नावेत बसशील तू?

निहाल कौर : बसेन. पोर पालथं पडलं असेल, मला एकटीला नाही उलटवत. एकेकाला उताणं तू करायचंस. तोंड पुसायचंस, बघायचंस.

जमाल : सगळ्यांना?

निहाल कौर : काहन सापडला तरी थांबायचं नाही.