आरामखुर्चीचा विमा

विमा कंपनीच्या कचेरीत टॅक्सीवाला आपला नंबर यायची वाट बघत बसला होता. भाड्याच्या घरातल्या सामानाचा सगळ्यात स्वस्त विमा कुठला, एवढंच त्याला विचारायचं होतं. शेजारी एक नवरा-बायको बसले होते. बाईंच्या पायाशी शिलाई मशीन होतं, त्यातून अजून पाणी ठिबकत होतं.

“वरच्यांचा पाइप फुटेल, असं मला काय स्वप्न पडलं होतं?”

“तुम्हाला कसं पडेल? तुम्ही तर महिनाभर जागून सगळ्या कंपन्यांचे हप्ते ताडून बघत होतात.”

“आणि सगळ्यात कमी हप्ता मीच शोधला, हे विसरू नकोस.”

“विसरेन कशी? येईल त्याला ऐकवत होतात. फक्त तो इतका कमी कसा झाला, ते राहिलं सांगायचं.”

“सामान कमी दाखवलं की हप्ता उतरतो. त्यात काय मोठंसं?”

“मग काय काय कमी दाखवलंत?”

“काही नाही, अडगळ तेवढी वगळली.”

“आणि माझं मशीन?”

“अगं, धंद्याच्या वस्तूला ते जास्त पैसे लावतात.”

“लावणारच. घरात सध्या कमावतं तेवढंच आहे. आणि तुमची आरामखुर्ची?”

“ती धरली. ती रोजच्या वापरातली आहे.”

टॅक्सीवाल्याचा नंबर पुकारला गेला. तो जागचा हलला नाही.

“बरं केलंत. आता या महिन्याचं भाडंही खुर्चीलाच भरायला सांगा.”