डुक्कर आडवं होतं

...आणि वर मला म्हणे, "सर, तुम्ही पान फिरवून नाही का बघितलं?" नाही बघितलं हो! बारा वर्षं नाही बघितलं! तुम्हाला सांगतो, व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या बायकांची पत्रं हा माझा विषय, त्यावर माझं जाडजूड पुस्तक, त्या पुस्तकावर माझी बढती, आणि हे मला विचारतंय कोण, तर ग्रंथालयात झेरॉक्स काढणाऱ्या बाई.

त्या काळी टपाल महाग, कागद महाग, त्यामुळे पान भरलं की बायका तेच पान आडवं धरायच्या आणि लिहिलेल्यावरूनच पुन्हा लिहायच्या... मला माहीत नव्हतं का? मी वर्गात शिकवतो हो हे. पण एका पाद्र्याच्या बायकोने बहिणीला लिहिलेलं ते पत्र, त्यात मला दिसलं, "आमचे हे अगदी डुक्कर आहेत", आणि मी जो हुरळलो, गृहिणीचा दबलेला संताप म्हणून चाळीस पानांचं प्रकरण पाडलं, परिषदेत टाळ्या घेतल्या... आणि या बाईंनी मशीनची काच पुसता पुसता पान आडवं धरलं नि वाचलं, "मागच्या अंगणातलं डुक्कर आजारी आहे." खालच्या मूळ ओळीत होतं "थकले". आमचे हे अगदी थकले आहेत, एवढंच म्हणत होती बिचारी. डुक्कर येऊन बसलं त्या "थकले"वर. आणि मी बाईंना काय म्हणालो माहितीये? "हो हो, मला कल्पना आहे." लाज वाटते हो सांगताना. बारा वर्षं...

बरं, माझं जाऊ द्या, पण माझी विद्यार्थिनी? पाच वर्षं झिजली पोरगी, तिचा अख्खा प्रबंध माझ्या डुकरावर उभा, आणि सोमवारी द्यायचाय. दोन दिवस तिचे फोनच उचलले नाहीत मी. शेवटी बायको म्हणाली, "अहो, सांगून टाका तिला, नाहीतर बाहेरचे परीक्षक सोलून काढतील पोरीला." बोलावलं. घसा खाकरला, पाणी प्यायलो, म्हटलं, "ते डुक्कर..."

तर ती शांतपणे म्हणते, "सर, ते मला दुसऱ्या वर्षीच कळलं होतं."

म्हटलं, अगं मग बोलली का नाहीस? "तुम्ही चिडता ना, सर. आणि सही तुमचीच लागते." चिडतो मी? ...चिडतो. मागे एकाने माझी नुसती एक तारीख दुरुस्त केली, तर वर्षभर बोललो नाही त्याच्याशी.

मग पिशवीतून दोन प्रबंध काढले तिने, दोन्ही बांधून आणलेले. "यात डुक्कर आहे, यात नाहीये. कशावर करताय?" आता काय सांगू तुम्हाला... माझ्या भीतीपायी पोरीने अख्खा प्रबंध दोनदा लिहिला. मान वर होईना माझी. बारा वर्षं गेली तर गेली म्हटलं, बिनडुकराचा ओढला नि केली सही.

मग सहज प्रस्तावना उघडली, तर छापलंय, "पूर्वीच्या एका अभ्यासकाला हे पत्र वाचताच आलं नाही." पूर्वीच्या? अहो, मी समोर बसलोय, हातात पेन आहे... म्हटलं, निदान नाव तरी घालायचंस माझं. तर म्हणे, "घातलंय ना सर, आभारात." बघितलं. आहे. "अमूल्य मार्गदर्शनाबद्दल."